वाहत्या नदीत धरण बांधतात तरी कसं?

शंकासुर | सोमवार, रात्री ११:५२

परवा झोप लागत नव्हती म्हणून चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचा एक व्हिडिओ बघत बसलो. सव्वादोन किलोमीटरहून लांब भिंत, ७०० मेगावॅटची ३२ जनित्रं, एकूण २२,५०० मेगावॅट, सगळं ऐकून झालं. पण माझं डोकं पहिल्या पाच मिनिटांत अडकलं ते अडकलंच. नदी तर वाहतेच आहे ना? मग तिच्या तळाशी पाया खणतात कधी आणि कसा? साधी विहीर खणताना पाणी लागलं की पंप लावायची वेळ येते. इथं अख्खी नदी अंगावर येतेय! निवेदक 'नदीचा प्रवाह वळवण्यात आला' एवढं म्हणून पुढं सटकला. अहो, वळवला म्हणजे नेमका कुठं?

या कामातलं कुणी असेल तर सोपं करून सांगा. गणित चालेल, पण बेताचं.

गोंधळी | सोमवार, रात्री ११:५८

नदीला पाटी लावतात. 'पुढे काम चालू आहे, पर्यायी मार्गाचा वापर करावा.' :)

उल्लोल | मंगळवार, सकाळी ६:१५

गोंधळी, थट्टेत बोललात पण मुद्द्याचं बोललात.

मी स्थापत्याचा माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं धरणांवर गेली, आता निवृत्त आहे. साइटवर रोज सकाळी बैठक असायची आणि तिथं भिंतीचा विषय बऱ्याचदा शेवटी यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: आज पाणी कुठून जाणार? भिंत बांधायला शिकवता येतं. हा प्रश्न मात्र पहिल्या सुरुंगापासून धरण असेपर्यंत मानगुटीवर बसलेला असतो.

नदी वळवायच्या ढोबळमानाने दोन रीती. घळ अरुंद आणि खडक चांगला असेल तर काठांच्या डोंगरांतून बोगदे खणायचे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणासाठी दोन्ही काठांना दोन-दोन असे चार बोगदे खणले. अस्तर झाल्यावर प्रत्येकाचा व्यास सुमारे १५ मीटर. नोव्हेंबर १९३२ मध्ये नदी त्यांत घातली. मग धरणाच्या जागेच्या वर एक आणि खाली एक असे माती-दगडाचे तात्पुरते बांध घातले. त्यांना कॉफर डॅम म्हणतात. खालचा बांध कशाला? बोगद्यातून बाहेर पडलेलं पाणी मागे फिरून खड्ड्यात येऊ नये म्हणून. मधलं पाणी उपसलं, गाळ काढला, की नदीचा तळ पायाखाली कोरडा. शंकासुर, तुमचा पाया तिथं खणतात.

नदी रुंद असेल तर बोगदे पुरत नाहीत. मग नदी हप्त्याहप्त्यानं अडवायची. थ्री गॉर्जेसच्या जागी पात्रात एक बेट होतं. त्याचा फायदा घेऊन उजव्या बाजूला ३५० मीटर रुंद कालवा काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये मुख्य पात्र बंद केलं. नदी कालव्यातून वाहतेय, बोटीही तिथून जाताहेत, आणि कोरड्या पडलेल्या पात्रात भिंत वर येतेय. त्या भिंतीच्या तळाशी मुद्दाम भोकं ठेवली होती. नोव्हेंबर २००२ मध्ये कालवाही बंद केला, तेव्हा पाणी त्या भोकांतून गेलं. मग कालव्याच्या जागी उरलेली भिंत. आणि २००३ मध्ये, म्हणजे उजवी बाजू अजून अर्धवट असताना, डाव्या बाजूची जनित्रं वीज देऊ लागली होती!

ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरचं इताइपू त्याहून दांडगं. पाराना नदीसाठी त्यांनी खडकात २ किलोमीटर लांब, १५० मीटर रुंद आणि ९० मीटर खोल कालवा कोरला आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये नदी त्यात सोडली.

यातला सगळ्यात जीवघेणा भाग पात्र आवळण्याचा. दोन्ही बाजूंनी ट्रक दगड ओतत येतात. मधली फट जशी अरुंद होते तसा पाण्याचा वेग वाढतो, आणि सकाळी टाकलेला दगड दुपारी जागेवर नसतो. मग काँक्रीटचे चार टोकांचे अवजड ठोकळे टाकायचे, ते एकमेकांत अडकून बसतात. थ्री गॉर्जेसला तर खोली ६० मीटरच्या आसपास होती. म्हणून आधी तळ भरून उथळ केला आणि मगच फट मिटवली.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:०३

काका, दंडवत! आता पुढची शंका. काम अर्धवट असताना महापूर आला तर?

उल्लोल | मंगळवार, सकाळी ९:४०

तर खड्डा बुडतो. आणि हे आधीच धरून चाललेलं असतं.

बोगदा किंवा कालवा किती मोठा करायचा हा जुगार आहे. कायमचा सांडवा हजारो वर्षांत एखादा येईल अशा पुराला पुरेल एवढा करतात. तात्पुरत्या वाटेवर तेवढा खर्च परवडत नाही. समजा वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराएवढा बोगदा केला आणि काम पाच वर्षं चाललं. दर वर्षी तो पूर न येण्याची शक्यता ०.९५. पाचदा गुणा. उत्तर येतं ०.७७. म्हणजे खड्डा बुडण्याची शक्यता २३ टक्के. बेताचं गणित मागितलं होतंत, हे घ्या.

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर करिबा धरण बांधताना १९५७ मध्ये मोठा पूर आला. सगळे म्हणाले, चला, आता काही वर्षं निवांत. १९५८ ला त्याहून मोठा आला, कॉफर डॅमवरून पाणी गेलं आणि पूल वाहून गेले. तिथल्या टोंगा लोकांचं म्हणणं होतं की न्यामिन्यामी हा नदीचा देव चिडलाय. इंजिनिअरांकडे संभाव्यतेची कोष्टकं होती. त्या दोन वर्षांत कुणाचा अंदाज जास्त जवळ होता यावर मी बोलत नाही.

गोंधळी | मंगळवार, सकाळी १०:११

हूवरच्या काँक्रीटमध्ये कामगार गाडले गेलेत म्हणतात. खरं का?

मालमसाला | मंगळवार, दुपारी १:२०

काँक्रीटचा विषय निघाला म्हणून वाचनमात्र अवस्थेतून बाहेर आलो.

नाही, कुणी गाडलं गेलेलं नाही. तिथं माणसं मेली, अधिकृत आकडा ९६ आहे, पण काँक्रीटमध्ये बुडून नव्हे. भिंत एकसंध ओतलेली नसते. उभे ठोकळे पाडून, एका वेळी जेमतेम दीड मीटर थर देत वर नेतात. एक बादली ओतली की त्या ठोकळ्यात पातळी काही इंचच वाढते. त्यात माणूस बुडायचा कसा? शिवाय आत शरीर राहिलं तर ती भिंतीतली पोकळी. कुठलाही इंजिनिअर ते ठेवून पुढचा थर देणार नाही.

खरी भीती उष्णतेची. सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की उष्णता निघते. घराच्या स्लॅबमधून ती उडून जाते. शंभर-दोनशे मीटर जाडीच्या भिंतीच्या पोटातून कुठून जाणार? बाहेरचा भाग थंड होऊन आकसतो, आतला गरम राहतो आणि भिंत तडकते. हूवर नैसर्गिकरीत्या थंड व्हायला सव्वाशे वर्षं लागली असती असा तेव्हाचा हिशेब होता. म्हणून प्रत्येक थरात एक इंची नळ्या घातल्या, एकूण साधारण ९३५ किलोमीटर, आणि त्यांतून आधी नदीचं आणि मग बर्फाएवढं गार पाणी फिरवलं. ठोकळे आकसले, फटी पडल्या आणि त्या फटींत दाबाने सिमेंटची रबडी भरली. याला ग्राउटिंग म्हणतात. नळ्याही तशाच भरून टाकल्या. त्या अजून आत आहेत.

थ्री गॉर्जेसला दुसरी शक्कल. खडीच गार हवेत थंड करायची आणि पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालायचा. उन्हाळ्यातही मिक्सरमधून ७ अंशांचं काँक्रीट बाहेर पडत होतं.

अलीकडे रोलरने दाबायचं काँक्रीट वापरतात. सिमेंट कमी, पाणी नावापुरतं, डंपरने टाकायचं आणि रस्त्यासारखं रोलरने दाबायचं. सिमेंट कमी म्हणून उष्णताही कमी. निळ्या नाईलवरचं इथिओपियाचं १४५ मीटर उंच धरण असंच बांधलंय.

घरघर | मंगळवार, रात्री ८:३५

स्थापत्यवाल्यांनी धागा बळकावलाय. भिंत कशासाठी बांधली ते कुणी बोलणार आहे की नाही?

जलविद्युतगृहात यंत्रविभागात होतो. सूत्र एवढंच: सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले किती मीटर उंचीवरून, गुणिले ९.८. उत्तर किलोवॅटमध्ये. त्यातून दहा टक्क्यांच्या आसपास घट वजा करा. इताइपूच्या एका टरबाइनमधून सेकंदाला साधारण ७०० घनमीटर पाणी जातं आणि पातळीतला फरक सुमारे ११८ मीटर. करून बघा, ७०० मेगावॅटच्या वर येतं. अशी २० यंत्रं आहेत. ७०० घनमीटर म्हणजे दर तीन-साडेतीन सेकंदांना ऑलिंपिकचा एक जलतरण तलाव, तोही एका यंत्रातून.

म्हणून धरण उंच हवं आणि नदी मोठी हवी. पण मेगावॅटच्या आकड्याला भुलू नका. थ्री गॉर्जेस २२,५०० चं आणि इताइपू १४,००० चं. तरी २०१६ मध्ये इताइपूने १०३ अब्ज युनिट वीज काढली आणि थ्री गॉर्जेसला मागे टाकलं. मग २०२० मध्ये थ्री गॉर्जेस जवळपास ११२ अब्जांवर गेलं. क्षमतेत दीडपटीहून जास्त फरक आणि उत्पादनात एवढाच! पारानाला वर्षभर पाणी बऱ्यापैकी सारखं असतं, वरच्या अंगाला बरीच धरणंही आहेत. यांगत्से पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात रोडावते. कागदावरची क्षमता म्हणजे गाडीच्या मीटरवरचा शेवटचा आकडा.

इताइपूची अजून एक गंमत. पॅराग्वेची वीज ५० हर्ट्झची, ब्राझीलची ६०. म्हणून दहा जनित्रं ५० ची आणि दहा ६० ची. पॅराग्वेला आपल्या वाट्याची सगळी वीज लागत नाही, ती ब्राझील घेतं. पण ती ५० ची! मग ती एकदिश (डीसी) करून शेकडो किलोमीटर साओ पावलोच्या बाजूला न्यायची आणि तिथं पुन्हा ६० ची करायची. दोन देशांपैकी एकाने तरी वारंवारता बदलावी यावर म्हणे खूप चर्चा झाली. शेवटी भांडण सोडवण्यापेक्षा तार ओढणं सोपं पडलं.

गोंधळी | मंगळवार, रात्री ८:४९

थ्री गॉर्जेसमुळे पृथ्वी हळू फिरायला लागली असंही व्हॉट्सअॅपवर आलं होतं. हेही खोटं ना?

घरघर | मंगळवार, रात्री ९:०२

हे खरं आहे बरं का. नासाच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता. सुमारे ४० अब्ज घनमीटर पाणी वर उचललं गेल्यामुळे दिवस ०.०६ मायक्रोसेकंदाने मोठा होतो. उशिरा उठायला हे कारण देऊ नका.

काठावरची | मंगळवार, रात्री १०:३०

सगळं वाचलं. माहिती छान आहे, मनापासून सांगते. पण दोन दिवस इथं दगडाचं, काँक्रीटचं, बर्फाचं चाललंय आणि माणूस एकदाच आला, तोही 'काँक्रीटमध्ये गाडला का' म्हणून.

जागतिक धरण आयोगाने २००० साली अहवाल दिला. त्यात जगभरात मोठ्या धरणांमुळे विस्थापित झालेल्यांचा अंदाज ४ ते ८ कोटी आहे. खालचा आणि वरचा आकडा यांत दुपटीचा फरक! भिंतीत सिमेंट किती गेलं ते पोत्यापर्यंत माहीत असतं. माणसांचा हिशेब कोटी-कोटींनी चुकतो. थ्री गॉर्जेससाठी १२ लाखांहून जास्त लोक हलवले. करिबासाठी ५७ हजार टोंगा. उल्लोलकाका, तुमच्या गोष्टीत ते फक्त देव चिडल्याचं सांगायला आले होते.

हा फरक का पडतो ते मला घरातून माहीत आहे. आमची जमीन एका धरणाच्या काठावर आहे. कुठलं ते सोडा. भूसंपादन होताना नकाशावर एक समपातळी रेषा ओढतात. रेषेखालचे धरणग्रस्त, वरचे नाहीत. आमचं शेत रेषेच्या वर होतं, कागदोपत्री आमचं काहीच गेलं नाही. पण पाणी शेतात आलं नसलं तरी रस्त्यावर आलं. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि मध्ये फुगवटा. जे बुडाले त्यांना थोडं तरी मिळालं. आम्ही कोरडे राहिलो म्हणून यादीत नव्हतो. धरणाच्या खालच्या अंगाला मासेमारी करणारे तर कुठल्याच यादीत नसतात, कारण त्यांच्याकडचं पाणी वाढत नाही, कमी होतं.

सरळरेषा | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, सहानुभूती आहे. पण दुसरी बाजूही बघा. १९५४ च्या यांगत्सेच्या पुरात ३० हजारांवर माणसं गेली. ऑगस्ट २०२० मध्ये थ्री गॉर्जेसला सेकंदाला ७५ हजार घनमीटर पाणी येत होतं, खाली सोडलं सुमारे ४९ हजार. मधलं सगळं धरणाने पोटात घेतलं. जी शहरं वाचली त्यातल्या माणसांचीही कुठे यादी नसते.

काठावरची | मंगळवार, रात्री ११:२१

वाचलेल्यांनी घर सोडलं नव्हतं. एकाच्या वजाबाकीवर दुसऱ्याची बेरीज करायची असेल तर निदान वजाबाकी नीट मोजा, एवढंच म्हणतेय. धरण नको असं मी कुठं लिहिलंय?

उल्लोल | बुधवार, सकाळी ६:०५

काठावरची, बोल लागला. न्यामिन्यामीचा उल्लेख मी गंमत म्हणून केला होता, ते चुकलंच. आणि त्या रेषेबद्दल सांगायचं तर, ती ओढणाऱ्यांत मी होतो. तुमच्या धरणावर नव्हे, पण होतो. रेषा पाण्याच्या पातळीची असायची, रस्ता कुठून जातो हे आमच्या नकाशावर असायचं, आमच्या तक्त्यात नसायचं. तक्त्यात रकानाच नव्हता. तो कुणी मागितला नाही आणि आम्हीही काढला नाही.

सरळरेषा, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण ते फुकट मिळत नाहीत. पूर पोटात घ्यायचा तर पोट आधी रिकामं लागतं. थ्री गॉर्जेसची पातळी हिवाळ्यात १७५ मीटरपर्यंत नेतात आणि पावसाळ्याआधी १४५ ला आणतात. ३० मीटर उंची जाते. म्हणजे घरघर यांच्या सूत्रातला एक गुणक पडतो, तोही नेमका पाणी भरपूर असताना. पुरासाठी धरण रिकामं हवं, विजेसाठी भरलेलं, आणि दोन्ही खाती एकाच जलाशयाकडे डोळे लावून.

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:४४

आणि गाळ? पाणी अडलं की गाळ खाली बसणार. मग शंभर वर्षांनी नुसता चिखलाचा ढिगारा राहील ना?

उल्लोल | बुधवार, सकाळी ११:३०

शंभर वर्षं? पिवळ्या नदीवरच्या सानमेन्शियाला दोन वर्षं पुरली.

ही गोष्ट नीट सांगतो. १९५० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने आराखडा झाला. पिवळी नदी जगातल्या सगळ्यात गढूळ नद्यांपैकी एक, नावच त्यावरून पडलंय. ह्वांग वानली नावाचे जलशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९५७ मध्ये बैठकीत स्पष्ट सांगितलं की इथं गाळ भरेल आणि पूर खालच्या अंगाऐवजी वरच्या अंगाला जाईल. ऐकलं नाही. मग ते म्हणाले, निदान नदी वळवायला भिंतीच्या तळाशी ठेवलेली भोकं बुजवू नका, पुढे गाळ काढायला लागतील. बुजवली. ह्वांग यांच्यावर 'उजवे' असा शिक्का बसला. १९६० मध्ये पाणी अडवलं आणि गाळ इतका साठला की मागची वेई नदी तुंबायला लागली. मग बुजवलेली तीच भोकं पुन्हा फोडली, नवे बोगदे काढले आणि विजेचा बेत बराच खाली आणावा लागला.

त्या काँक्रीटच्या बुचांचा विचार मी साइटवर नेहमी करायचो. भोक बुजवणं हे काम संपल्याचं लक्षण असतं, फोटो निघतात. ते उघडं ठेवा म्हणणारा माणूस अडथळा वाटतो.

थ्री गॉर्जेसला हा धडा वापरला. पावसाळ्यात नदी गढूळ असते तेव्हा पातळी खाली ठेवून खोलवरच्या दरवाजांतून गाळासकट पाणी सोडायचं, आणि ऋतू संपता संपता निवळ पाणी साठवायचं. वर आता शियांगजियाबा, शिलुओदू, बायहेतान अशी धरणं झाली आहेत, तीही गाळ धरतात. अर्थात तो गाळ कुठेतरी जायचाच होता. आस्वानच्या उंच धरणाने नाईलचा गाळ अडवला, तेव्हा समुद्रापाशी तिचा त्रिभुज प्रदेश खचू-झिजू लागला आणि शेतीला खत विकत घ्यावं लागलं.

पायथा | बुधवार, दुपारी ३:१५

कोयनेचं नाव अजून कसं आलं नाही? ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. धरण १९६४ ला पूर्ण झालं आणि तीन वर्षांत सहाहून जास्त तीव्रतेचा धक्का, तोही ज्या पठाराला तोवर स्थिर समजत होते तिथं. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांवर कुठेही लिहिताना कोयना पहिल्या काही नावांत येते. पाण्याचं वजन हे एक कारण, आणि खडकाच्या भेगांत मुरणारं पाणी दुसरं. तिथला दाब वाढला की आधीच ताणात असलेला खडक सरकतो. भिंत १०३ मीटर उंच. तडे गेले ते वरच्या भागात, जिथं मागच्या बाजूचा उतार अचानक बदलतो त्या पातळीला. नंतर सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला मागून टेकू देऊन ती जाड केली.

आणि शंकासुर, तुमच्या मूळ शंकेची उलटी बाजूही तिथंच आहे. तुम्ही विचारलंत की पाणी असताना पाया कसा खणायचा. कोयना वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी प्रश्न होता, भरलेल्या जलाशयाच्या तळाला नवं भोक कसं पाडायचं? खालून बोगदा आणला, शेवटचा खडकाचा बूच तेवढा ठेवला आणि मार्च १९९९ मध्ये तो सुरुंगाने उडवला. लेक टॅपिंग. पाणी जलाशय रिकामा न करता बोगद्यात आलं.

गोंधळी | बुधवार, दुपारी ३:२२

म्हणजे टाकीच्या बुडाला आतून कुणी नसताना बाहेरून नळ बसवला. मानलं.

घरघर | बुधवार, रात्री ९:५०

चुका निघाल्याच आहेत तर आमच्याकडचीही सांगतो. रशियातल्या येनिसेई नदीवरचं सायानो-शुशेन्स्काया, ६,४०० मेगावॅट. १७ ऑगस्ट २००९ ला सकाळी दोन क्रमांकाच्या टरबाइनचं झाकण उडालं. झाकण म्हणजे डबा नव्हे, वरच्या जनित्रासकट शेकडो टनांचा ऐवज. ते धरून ठेवणारे बोल्ट थरथरीने आतून थकलेले होते. जवळपास २०० मीटरच्या दाबाचं पाणी यंत्रगृहात शिरलं. ७५ माणसं गेली. भिंतीला काही झालं नाही. त्या यंत्राची थरथर वाढल्याच्या नोंदी होत्या. आमच्याकडे त्यानंतर कुणी 'जरा जास्तच घरघरतंय' म्हणालं की कुणी हसायचं नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच.

उल्लोल, तुमचं नाव उल्लोल विहिरीवरून ना?

उल्लोल | गुरुवार, सकाळी ६:२०

हो. बाकीच्यांसाठी: टरबाइनचे दरवाजे अचानक मिटले तर बोगद्यातून धावत आलेल्या पाण्याला थांबायला जागा लागते, नाहीतर पोलाद फाटतं. म्हणून वाटेत एक उभी विहीर ठेवतात. पाणी तिच्यात उसळतं, वरखाली होतं आणि शांत होतं. इथंही प्रश्न तोच, पाणी कुठून जाणार.

सांडव्याचा एक किस्सा सांगतो. १९८३ मध्ये कोलोरॅडोवरच्या ग्लेन कॅन्यनला अवचित बर्फ वितळून पूर आला. सांडव्याचे बोगदे उघडले. पाणी इतक्या वेगाने धावलं की अस्तराच्या बारीकशा उंचवट्यामागे निर्वात बुडबुडे तयार होऊन फुटू लागले आणि एकेका स्फोटाने काँक्रीट खरवडलं जाऊ लागलं. काँक्रीट संपल्यावर खडक. एका बोगद्यात सुमारे १० मीटर खोल खड्डा पडला. सांडवा चालवावा तर बोगदा जातो, बंद ठेवावा तर पाणी दरवाजांवरून जातं. तेव्हा २०० मीटरहून उंच धरणाच्या दरवाजांच्या माथ्यावर काय उभं केलं असेल? प्लायवूड! चार फूट उंच फळ्या. मग त्यांच्या जागी पोलादी पत्रे लावले. जुलैत पाणी त्यांच्यावरून जायच्या आत थांबलं. पुढे बोगद्यांत हवा शिरायला खाचा ठेवल्या. बुडबुड्यांत हवा मिसळली की त्यांचा दंश जातो.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ९:१०

शेवटची शंका, मग धागा तुमच्या ताब्यात. सगळं झालं, भिंत उभी राहिली. मग नदी अडवतात तो दिवस कसा असतो? बटण दाबलं आणि झालं?

उल्लोल | गुरुवार, रात्री १०:४०

इताइपूला ऑक्टोबर १९८२ मध्ये दरवाजे मिटले आणि १४ दिवसांत जलाशय भरला. ग्वाइराचे प्रचंड धबधबे त्याखाली गेले. ते मी फक्त वाचलंय.

मी पाहिलेला दिवस एका लहान धरणाचा, नाव सांगत नाही. वळण बोगद्याच्या तोंडावर पोलादी झडप होती, ती सोडायची. बटण वगैरे नव्हतं, तासभर ती इंचाइंचाने खाली येत होती. सगळ्यांचं लक्ष वरच्या बाजूला, पाणी किती चढतं तिकडं. वरचं पाणी त्या दिवशी फारसं चढलंच नाही. नदी भरायला वेळ लागतो. मी उगाच खालच्या बाजूला गेलो. तिथं घडत होतं. पात्रातले दगड एकेक करून उघडे पडत होते, ओले, काळे. डबक्यांत मासे अडकले होते. खालच्या गावातली पोरं पाट्या घेऊन आली होती आणि हाताने मासे उचलत होती, खूश होती. एक म्हातारा मात्र काठावर उभा राहून मला विचारत होता, उद्या किती सोडणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठराविक पाणी सोडत राहायचं हे तेव्हा आमच्या वेळापत्रकात जलाशय पूर्ण भरल्यानंतरच्या रकान्यात होतं. काठावरचीने परवा खालच्या मासेमारांचं लिहिलं तेव्हापासून तो डोळ्यांसमोर आहे.

संध्याकाळी कार्यालयात जमलो. सहा वर्षं आम्ही नदीच्या आवाजावर आवाज चढवून बोलत आलो होतो. ती गप्प झाली होती, पण कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या रात्री, आणि पुढे कितीतरी दिवस, आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो.